सिनेमा सुरू होण्यापूर्वी थोडंसं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘अलबेला’ दाखवण्यापूर्वी केलेलं भाषण)



आता आपण १९५१ सालचा ‘अलबेला’ बघणार आहोत. गोष्ट साधी आणि हसवणारी. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला पोरगा, डोक्यात नाटकाचं वेड. घर सोडतो आणि रंगमंचावर नाव काढतो. हा प्यारेलाल म्हणजे आपले भगवानदादा पालव, एका गिरणी कामगाराचा मुलगा. दिग्दर्शनही त्यांचंच. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजेच सी. रामचंद्रांचं.

‘शोला जो भडके’ला तुम्ही शिट्ट्या मारालच. पण ‘दीवाना परवाना’ लागलं की झालरीचे कपडे घातलेल्या बँडकडे जरा नीट बघा. त्यात आहे चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, मूळचा गोव्याचा. ट्रंपेट वाजवायचा. त्याच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक मुंबईत आले. रात्री हॉटेल-क्लबात वाजवायचे, दिवसा फिल्मी रेकॉर्डिंगला जायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, त्यामुळे कुणी काय वाजवायचं ते भराभर कागदावर उतरवून द्यायचे. गाणी घराघरांत गेली. वाजवणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक झाली नाहीत.

हे आज सांगायचं कारण आहे. आपल्याकडे भाड्यानं राहणारी दोन पोरं पुण्यातल्या हॉटेलांत वाजवतात. चांदणी चौक, भूगाव करत पिरंगुटला पोचेपर्यंत रात्रीचे दीड-दोन वाजतात. अकरानंतर त्यांना गेट उघडू नये, असा विषय पुढच्या सभेत येतोय. अहो, कंपनीतली सेकंड शिफ्ट संपवून आपलेच सभासद बारा-साडेबाराला येतात. त्यांना कधी कुणी अडवलंय का? रात्री खोलीत वाजवू नका, हे सांगायचा आपल्याला हक्क आहे. पोरं ते ऐकतातही. पण कामावरून दमून आलेल्या माणसाला दारात उभं करायचं, हे काही बरं नाही.

भगवानदादांचं पुढे काय झालं, माहीत असेल. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. शेवटची वर्षं दादरच्या चाळीत काढून २००२ साली ते गेले. कलावंताच्या पैशाचा भरवसा नसतो. निदान घराचा तरी असावा.

सभेत हात वर करण्यापूर्वी एवढा विचार करा, ही विनंती. चला, मागचे दिवे घालवा. आणि मध्यंतरात भेळ आहे, ताटल्या कचऱ्याच्या डब्यातच टाका!