सांगलीची पेढी आणि आपलं मंगळसूत्र

गटाच्या बैठकीत सोन्याचा विषय निघाला, की गाडगिळांचं नाव हमखास येतं. आज त्या घरातल्या दाजीकाकांविषयी बोलू, आणि जोडीला आपल्या कामाचंही थोडं.

गाडगिळांची पेढी सांगलीत १८३२ साली सुरू झाली. तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं. याच घराण्यात १९१५ साली अनंत गणेश गाडगीळ जन्मले, तेच दाजीकाका. १९५८ मध्ये त्यांनी पुण्यात लक्ष्मी रोडवर पेढी काढली. तेव्हा वय बेचाळीस-त्रेचाळीस. आपल्यातल्या पुष्कळजणी या वयात म्हणतात, आता काय नवीन करायचं!

दुकानाचा जम बसतोय तोवर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, मोरारजी देसाई अर्थमंत्री. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. आपल्या बाया तर २२ कॅरेटशिवाय सोनं मानत नाहीत. गावोगावच्या सोनारांचं काम बसलं. ती अट पुढं सैल झाली, पण सोन्यावरचं नियंत्रण १९९० पर्यंत राहिलं. दाजीकाकांची पेढी त्यातून तगली, वाढली. २०१४ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले.

आम्हाला वाटतं, सराफाची खरी परीक्षा विकताना होत नाही. आजीनं घेतलेला दागिना नात मोडायला आणते, तेव्हा होते.

आमच्या गटातल्या एका ताईंवर ती वेळ आली. दवाखान्यासाठी हिऱ्याचं मंगळसूत्र मोडायला काढलं. दुकानदार म्हणाला, सोनं १८ कॅरेटचं आहे, खड्यांचं वजन वजा होणार. हिशेबाच्या निम्मेही हातात आले नाहीत. घेताना बिलच मागितलं नव्हतं.

इथं एक गोम आहे. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. ५ कॅरेट हिरा म्हणजे १ ग्रॅम. सोनं मऊ, हिरा घट्ट बसायला हवा, म्हणून हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडवतात. त्यात फसवणूक नाही, फक्त भाव २२ चा लावायला नको. दागिन्यावर २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५ असा आकडा असतो. विटा-खानापूरकडची आपली माणसं देशभर गलाईच्या भट्ट्या चालवतात. कुणी ओळखीचं असेल तर विचारा, ते हेच सांगतील.

तेव्हा बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. हिऱ्याचं प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं-आकडे मिळून ६ चिन्हांचा क्रमांक लागतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर दुकानात उभ्या उभ्याच तपासा. लेक-सून मोबाईल चालवते, तिला सोबत न्या. आणि बिल दागिन्याच्या डबीत ठेवू नका. डबी गेली तर दोन्ही जातं.