पाहुण्याच्या माथी खापर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘आजचा समाज व बाहेरचे वारे’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली आहे. मी खेड्यातील शाळेत जन्म घालविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. माझा जगप्रवास झाला तो भिंतीवरच्या नकाशावरून. तेव्हा त्याच नकाशावरील एका दूरच्या गावाची हकीकत सांगून मी माझे म्हणणे मांडतो.

इजिप्त देशात नाईल नदीकाठी लक्झर हे गाव आहे. पैलतीरी डोंगराच्या पायथ्याशी हात्शेप्सुत राणीचे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे मंदिर उभे आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी सहा सशस्त्र तरुण तेथे शिरले व त्यांनी ६२ माणसांचा संहार केला. त्यांत ५८ परदेशी प्रवासी होते; चौघे इजिप्तचेच. मारेकरी ‘अल-गमाअ अल-इस्लामिया’ या संघटनेचे. ही संघटना १९९२ पासून प्रवाशांच्या मागे लागली होती. परदेशी लोक मद्य व उघडेवाघडेपणा आणतात, त्यांच्यामुळे धर्म बुडतो, असे तिचे म्हणणे. शिवाय प्रवासी थांबले की सरकारचे उत्पन्नही आटेल, हा हिशेब होताच.

प्रवाशांच्या हातून काहीच प्रमाद घडत नाही, असे मी म्हणणार नाही. परक्याच्या देवळात कसे वागावे हे पुष्कळांना कळत नाही. परंतु देशाच्या दुखण्याचे मूळ ते होते काय? राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलन चालू असता स्वतःच्याच सैनिकांनी मारले. धर्मांधतेवर टीका करणारे लेखक फरग फोदा यांचा जून १९९२ मध्ये कैरोत खून झाला. नोबेल पारितोषिक मिळविणारे वृद्ध कादंबरीकार नगीब महफूज यांच्या मानेवर १९९४ मध्ये सुरा चालला. यांपैकी कोणत्या प्रसंगी परदेशी प्रवासी कारण झाला होता? राज्य धर्माज्ञेने चालावे की लोकमताने, हा तंटा घरातलाच होता. दक्षिणेकडील दारिद्र्य घरचे होते. शिकून रिकामे बसलेले तरुण घरचे होते. जुन्या कुळांचे संरक्षण काढून घेणारा १९९२ चा कायदाही घरच्याच सरकारचा. त्याचा पूर्ण अंमल त्या हत्याकांडाच्या अवघे काही आठवडे आधी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, सुरू झाला होता. प्रवासी एकही आला नसता, तरी यांतील कोणता प्रश्न सुटला असता? यालाच आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.

आणि शिक्षा कोणाला झाली? प्रवासी येईनासे झाले. नावाडी, घोडागाडीवाले, मऊ पांढऱ्या दगडाची भांडी कोरणारे कारागीर यांच्या चुली विझू लागल्या. हे लोकही बहुतेक मुसलमानच होते. म्हणून ही एका धर्माची निंदा समजू नये. पुढे त्या संघटनेने हिंसेचा मार्ग सोडला. तरीही जून २०१३ मध्ये तिच्या राजकीय पक्षाच्या एका सभासदाला लक्झरचा गव्हर्नर नेमले, तेव्हा गावकरी रस्त्यावर आले, पर्यटनमंत्र्यांनी निषेधार्थ राजीनामा दिला, आणि आठवडाभरात त्या गव्हर्नरांनाही पद सोडावे लागले. सोळा वर्षांनंतरही गाव विसरले नव्हते.

आपण म्हणाल, मास्तर, याचा आपल्याशी संबंध काय? तर माझीच एक चूक सांगतो. मी नोकरीला लागलो त्या काळी आमच्या गावात तंबूतला सिनेमा येई. एका वर्षी सातवीतली तीन मुले शाळेतून गळाली. मी पालकसभेत त्या तंबूवाल्यावर तोंडसुख घेतले. गावानेही माना डोलावल्या. दुसऱ्या वर्षी त्याला जागाच दिली नाही. मुले मात्र परत आली नाहीत. त्यांतील एकाच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई म्हणाली, “गुरुजी, थोरलीच्या लग्नात शेत गहाण पडलं. पोरगं आता दुसऱ्याच्या बांधावर राबतं. त्यानं सिनेमा कुठला बघितला?” ते कुटुंब आपल्याच ज्ञातीतले होते. त्या लग्नाच्या पंगतीत मीही जेवलो होतो.

बंधुभगिनींनो, बाहेरच्यावर खापर फोडणे सोपे असते. तो उत्तर द्यायला थांबत नाही. घरच्याला बोलावे, तर उद्या त्याच्याच दारी जावे लागते. म्हणून आपण त्या तंबूवाल्याला हाकलतो आणि मानपानाच्या याद्या तशाच ठेवतो. आज या मंडपात नव्या पिढीला बिघडविणाऱ्या परक्या वाऱ्यांबद्दल पुष्कळ बोलले गेले. माझी नम्र सूचना एवढीच की, पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात लग्नखर्चापायी कर्जबाजारी झालेली घरे व शाळा सुटलेली मुले यांची यादी करावी. ती वाचून झाल्यावर बाहेरच्या वाऱ्यांकडे अवश्य वळू.