आभाळातला दगड आणि खिडकीची काच

आम्ही परळ-लालबागच्या बायका आज आभाळातल्या दगडांबद्दल बोलणार आहोत. अधूनमधून मोबाइलवर निरोप फिरतो, “मोठा दगड आदळणार, अमक्या दिवशी जग बुडणार.” घराघरांत धास्ती बसते. यात खरं किती, ते समजून घेऊ.

पृथ्वीसारखेच लहानमोठे दगडही सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. १६ ऑगस्ट २०२० च्या सकाळी साडेनऊच्या सुमारास असाच एक लघुग्रह हिंदी महासागरावरून, साधारण २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत यावं, जवळपास तेवढंच हे अंतर. चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरहून लांब आहे. दगडाचा वेग सेकंदाला बारा किलोमीटर, म्हणजे गिरगावहून दादर एका सेकंदाच्या आत! आकार मात्र तीन ते सहा मीटर, फार तर बेस्टच्या अर्ध्या बसएवढा.

त्याची खूण सापडली ती मुंबईतल्याच, पवईच्या आयआयटीतल्या कुणाल देशमुख आणि कृती शर्मा या विद्यार्थ्यांना. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीने काढलेले फोटो ते तपासत होते. पळत्या मुलाचा फोटो जसा हलतो, तसा वेगाने जाणारा दगड फोटोत रेघ होऊन उमटतो. पण हा फोटो निघाला दगड गेल्यावर सहा तासांनी. लहान दगड अंधूक असतात. सूर्याच्या बाजूने आले तर दुर्बिणीलाही दिसत नाहीत.

मग घाबरायचं का? नाही. एवढा दगड आलाच, तर हवेत शिरताच तापून फुटतो आणि बहुतेक जळून जातो. बुलढाण्याचं लोणार सरोवर मोठ्या आघाताने झालं, पण तसे आघात फार क्वचित होतात.

मधल्या आकाराच्या दगडाची गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. लख्ख उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले. विजेमागून गडगडाट येतो, तसा हवेचा धक्का मागाहून आला आणि काचा फुटल्या. हजारावर लोक जखमी झाले, त्यांतले कितीतरी काचांनी. एका शाळेत बाईंनी मुलांना बाकांखाली बसवलं. बाईंना काच लागली, मुलं सुखरूप राहिली.

म्हणून आभाळात डोळे दिपवणारा उजेड दिसला, तर खिडकीशी जाऊ नका. मुलांना काचेपासून दूर न्या, खाली बसवा, चार-पाच मिनिटं थांबा. आणि जग बुडण्याचा निरोप आला, तर कोणत्या संस्थेने सांगितलं ते विचारा. उत्तर नसेल, तर निरोप पुढे पाठवू नका.

गटाच्या बैठकीत हे जरूर बोला. आणि तो दगड हेरणाऱ्यांत एक मुलगी होती, हे आपल्या पोरींना आवर्जून सांगा.