सारखे काम, सारखा दाम



मंडळाच्या वाढदिवशी मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान मला जमायचे नाही. पण आपल्या दिग्रसात पुष्कळ घरी मजुरीच्या हिशेबाची वही बायकांच्याच हाती असते. म्हणून त्या वहीविषयीच बोलते.

निंदण आणि कापसाची वेचणी बायकांनी करावी, वखरणी, डवरणी, फवारणी पुरुषांनी, असा आपल्याकडचा रिवाज. पुरुषाचा रोज जास्त, बाईचा कमी. कारण विचारावे तर म्हणतात, "बाईचे काम हलके." फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, हे खरे. पण त्यासाठी दिवसभर विहिरीवरून पाणी वाहते ती बाईच ना? वेचणीला किलोवर भाव मिळतो. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात. शेवटच्या वेच्याला तितकेच तास वाकूनही ओटी भरत नाही.

म्हणजे, भगिनींनो, मजुरी संध्याकाळी पैसे मोजताना कमी होत नाही. सकाळी काम वाटून देतानाच ती कमी झालेली असते.

वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जाई, तेथेही हेच होते. विणखात्यात पगार चांगला. पण अस्पृश्य कामगारांना तेथे घेत नसत. का, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांनी तोंड लावलेला धागा इतरांना चालत नसे! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. परंतु स्वयंपाकाला बाई ठेवताना आजही कितीतरी घरी जात विचारतात, भांड्यांना विचारीत नाहीत. आणि जास्त पगार कशाला, तर स्वयंपाकाला!

आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात समान कामाला समान वेतन हे तत्त्व घातलेले आहे. त्यासाठी १९७६ साली कायदा झाला आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व घेतले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि आपल्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तेथे खणलेल्या मातीचे माप घेत. माती बाईने खणली की पुरुषाने, यावर दर ठरत नसे. सरकारी कामावर जे जमले, ते आपल्या शेतात का जमू नये?

कुणी म्हणेल, कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसाने गेले, जास्त मजुरी कोठून द्यावी? शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरातली आहे. पण घरात तूट आली तर ती सर्वांनी वाटून घ्यायची असते. ती एकट्या मजूर बाईच्या पदरात का टाकावी?

माझ्या तीनच सूचना आहेत. एक, पाणी वाहणारीला फवारणाऱ्याइतका रोज द्यावा. दोन, शेवटचा वेचा किलोवर न देता रोजाने द्यावा. तीन, काटा तिच्यासमोर करावा आणि वजन तिला वाचून दाखवावे; मग ती तांड्यावरची असो की गावाबाहेरच्या वस्तीतली.

यासाठी वर्गणी नको की इमारत नको. वही आपल्या हाती आहेच. येत्या हंगामात मंडळाच्या दहा घरांनी जरी हे केले, तरी अकरावे घर आपणहून विचारायला येईल.