गिअरबॉक्स उतरवण्याआधी

ज्यांच्या दारात अजून अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बेसेडरचा कारखाना २०१४ साली थांबला, कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी. आता या गाड्या टिकतील त्या आपण सांभाळल्या तरच.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, किंवा धुळ्याजवळ लळिंगच्या चढावर, गाडीचं दुखणं बाहेर येतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. मागोमाग जळका वास. लगेच कोणीतरी म्हणतो, गिअरबॉक्स गेला. तसं बहुधा नसतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर घसरतो; हातानं टाकायच्या गिअरचे दात एकदा एकमेकांत बसले की ते घसरत नाहीत. घसरते ती क्लच प्लेट.

खात्री करून घ्या. सपाट, मोकळी जागा पाहा, समोर कोणी उभं राहू देऊ नका. हँडब्रेक घट्ट ओढा, चाकांना दगड लावा. वरचा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं, तर प्लेट पकडते आहे. चालूच राहिलं, तर क्लच स्लिप होतोय. ही परीक्षा एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

आता कारण शोधायचं, आणि इथेच घाई होते. पेडल हातानं दाबून पाहा. सुरुवातीला थोडा मोकळा प्ले लागला पाहिजे. तो नसेल, तर पाय काढल्यावरही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. कधी नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटनं काम होतं. क्लच हायड्रॉलिक असेल, तर मास्टर सिलिंडरमधून तेल परत येतंय का तेही पाहायला सांगा. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे खालून बघा. तिथे ऑइल ओघळलं असेल, तर गळती थांबवल्याशिवाय नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तीही तेलकट होऊन घसरेल. आणि घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा.

गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर तो आजार वेगळा. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश झिजले की गिअर पुरता बसत नाही. आधी ते तपासा, मग गिअरबॉक्सचं माउंटिंग. गिअरबॉक्स खोलायचा तो सर्वांत शेवटी.

क्लचसाठी तो उतरवावाच लागला, तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग त्याच वेळी बघून घ्या. मजुरी दोनदा पडायला नको. आणि मिस्त्रींकडून जुनी प्लेट मागून घ्या. ती तेलकट आहे, की रिव्हेटपर्यंत झिजली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच नवी बसवायला सांगा.