गप्प बाईच्या मनातलं कोण सांगतं?

मी तुम्हाला दिसत नाही, नुसता माझा आवाज ऐकू येतो. सिनेमातही असा आवाज असतो. 'लगान'मध्ये अमिताभ बच्चन कुठेच दिसत नाहीत, पण गावाची गोष्ट त्यांचाच आवाज सांगतो. कधी पडद्यावर बाई ओठ मिटून बसलेली असते, तरी तिचं मनातलं बोलणं आपल्याला ऐकू येतं. जवळ बसलेल्या माणसाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

१९७४ चा 'रजनीगंधा' आठवा. दीपाचं मन दोन पुरुषांत अडकलेलं. ती टॅक्सीत गप्प बसलेली आणि तिच्या जिवाची घालमेल मागे गाण्यातून ऐकू येते. गाणं गोड आहे, पण गातात मुकेश. मन बाईचं, आवाज पुरुषाचा!

२०१३ च्या 'द लंचबॉक्स'मध्ये तसं नाही. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून दुसऱ्याच माणसाकडे जातो. मग ती डब्यात चिठ्ठी घालते. तिचं लिहिलेलं आपण तिच्याच आवाजात ऐकतो. आधी गोष्टी जेवणाच्या, मीठ जास्त झाल्याच्या. हळूहळू ती संसारातलं दुःखही लिहिते. घरात जे बोलता येत नाही, ते चिठ्ठीत येतं. त्यातल्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकरांच्या नुसत्या आवाजावर ती बाई आपल्या ओळखीची होते.

आपल्या खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मनातलं त्या कामाच्या नादात गाण्यात मांडायच्या. घरच्यांनी ते टिपून ठेवलं, १९५२ मध्ये पुस्तक निघालं. लिहिणारा हात दुसऱ्याचा, पण बोल बहिणाबाईंचेच राहिले.

आता आपली बचत गटाची बैठक बघा. कर्जाचा विषय निघतो. एखादी मान खाली घालून बसते. कोणीतरी पटकन म्हणतं, "तिचं काही म्हणणं नाही." सही होते, हप्ते मात्र तिलाच फेडावे लागतात.

सिनेमात मनातलं ऐकू येतं, बैठकीत येत नाही. म्हणून सही घेण्याआधी जरा थांबा. बाकीच्यांनी गप्प बसा आणि तिलाच विचारा, "बाई, तुला काय वाटतं?"