बाळाला कुठे झोपवायचं, हे आईला विचारलं का?

(मिरजेत महिलांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिक्षण, कायदा, रोजगार असे मोठे विषय मांडले. माझा विषय अगदी घरातला आहे. दवाखान्यातून नवं बाळ घरी आलं, की त्याला झोपवायचं कुठे? काही जणी हसताहेत. मलाही पूर्वी वाटायचं, यात बोलण्यासारखं काय आहे? पण ३४ वर्षं सरकारी नोकरीत नर्स म्हणून गावोगाव फिरले आणि आता घरात आजी झाले, तेव्हा कळलं की या एका प्रश्नात घरातल्या बाईचं स्थान दिसतं.

एक जुनी गोष्ट सांगते. मी नोकरीला लागून वर्षच झालं होतं. जानेवारीचा महिना होता. सकाळी निरोप आला की वस्तीतलं एक बाळ गेलं. तीन आठवड्यांचा मुलगा, काल संध्याकाळी दूध प्यायला होता, सकाळी उठलाच नाही. मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि सगळ्या एकच वाक्य बोलत होत्या, ‘आईनं अंगाखाली घेतलं.’ ती बाई भिंतीला टेकून बसली होती. रडतही नव्हती.

ती कुठे झोपत होती ते मी पाहिलं. स्वयंपाकाच्या खोलीत चुलीशेजारी एक गादी. त्या गादीवर ती, बाळ आणि थोरल्या दोन मुली. चौघांना मिळून एक जाड रजई. बाळंतिणीला शेक म्हणून कोळशाची शेगडी आत आणलेली आणि थंडी येऊ नये म्हणून खिडकीला पोतं लावलेलं. बाहेरच्या खोलीत खाट होती. तिच्यावर नवरा झोपायचा, कारण त्याला सकाळी कामावर जायचं असे.

बाळ कशानं गेलं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. रजईमुळे असेल, शेगडीच्या धुरामुळे असेल, आणखी कशामुळे असेल. तपासणी झालीच नाही. माझ्या नोंदवहीत दोन ओळी लिहिल्या आणि मी पुढच्या घरी गेले. पण निकाल अंगणात लागून गेला होता. पुढच्या महिन्यात त्या बाईला माहेरी पाठवलं. तिला ती जागा कुणी दिली, हे एकानेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. यंदा मला नात झाली. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. घर दोन खोल्यांचं. बाळ घरी यायच्या आदल्या दिवसापासून वाद सुरू.

माझ्या नणंदबाईंचं म्हणणं, छिल्ला होईपर्यंत आतल्या खोलीत ठेवा, खिडकी उघडू नका, डोक्याखाली राईची उशी द्या म्हणजे डोकं गोल होईल, उशीखाली चाकू ठेवा म्हणजे नजर लागणार नाही. आणि त्यांचं ठाम मत, ‘बच्चे कू अकेला नक्को सुलाव.’ मुलानं मोबाइलवरून एक पाळणा मागवला. चारी बाजूंनी मऊ गाद्या, चार उशा, दोन टेडी बेअर. तो म्हणाला, हा पाळणा बाहेरच्या खोलीत ठेवू, म्हणजे रात्री सगळ्यांची झोप मोडणार नाही. माझे पती विडी ओढतात, आणि तीही त्याच बाहेरच्या खोलीत बसून! आणि मी? मी सांगितलं की नर्स मी आहे, मी म्हणेन तसं होईल. बाळ आईच्या कुशीत, एकाच रजईत, कुशीवर वळवून, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावून. आम्ही शिकलो तेव्हा कुशीवर झोपवायलाच सांगायचे. उलटी झाली तर दूध बाहेर पडेल, असं त्यामागचं कारण होतं.

सातव्या दिवशी आशाताई आली. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी येऊन बाळ पाहायचं असतं. तिनं बाळाचं वजन केलं, ताप पाहिला आणि बाळाला सरळ पाठीवर निजवलं. मी म्हटलं, ‘बाई, कुशीवर कर.’ ती म्हणाली, ‘मॅडम, आता पाठीवरच सांगतात.’ माझा चेहरा उतरला असणार, कारण ती बिचारी गप्प झाली. तेव्हा माझी सून बोलली, ‘अम्मी, मीही तेच वाचलंय. पण मला कुणी विचारलंच नाही.’

सात दिवस आम्ही सगळे भांडत होतो आणि रात्री चार वेळा उठणाऱ्या मुलीला एकानेही विचारलं नव्हतं.

मग मी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले, वाचलं, आणि माझी चूक कळली. माझ्या उमेदीच्या काळात जगात बऱ्याच ठिकाणी बाळांना पालथं किंवा कुशीवर झोपवायचा सल्ला दिला जात असे. नंतर अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं की पालथ्या झोपणाऱ्या बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू जास्त आहेत, आणि कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशा मोहिमा निघाल्या. अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नवं औषध नाही, यंत्र नाही. फक्त निजवायची पद्धत बदलली.

पाठीवर झोपलं तर दूध घशात अडकणार नाही का? हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला चढावं लागतं. पालथं केलं की उलटं होतं. दूध पाजल्यावर खांद्याला लावून ढेकर काढा आणि मग पाठीवर निजवा. डोकं एका बाजूनं चपटं होईल अशी भीती असेल, तर बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना थोडा वेळ पालथं ठेवा. राईची उशी नको. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीच उशी लागत नाही.

मग जागा कोणती? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की निदान पहिले सहा महिने बाळानं आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या जवळ, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपावं. थोडक्यात, आईचा हात पोचेल इतकं जवळ, पण आईच्या रजईबाहेर. नणंदबाई एकटं झोपवू नका म्हणत होत्या, ते बरोबर होतं. मुलगा वेगळं अंथरूण म्हणत होता, तेही बरोबर होतं. खोली मात्र त्याची चुकली होती.

तुम्ही म्हणाल, एका खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे बाळाला वेगळं अंथरूण कुठून द्यायचं? न्यूझीलंडमधल्या माओरी समाजापुढे हाच प्रश्न होता. बाळाला जवळ घेऊन झोपायची त्यांची जुनी रीत. पण धूम्रपान जास्त, त्यामुळे एकत्र झोपण्याचा धोकाही जास्त. नुसतं ‘जवळ घेऊ नका’ असं सांगून उपयोग होईना. तेव्हा २००६च्या सुमारास तिथल्या माओरी डॉक्टरांनी आणि विणकरांनी मिळून गवती पात्यांची एक सपाट टोपली पुढे आणली. तिला ‘वहाकुरा’ म्हणतात. बाळ टोपलीत, टोपली आईच्या अंथरुणातच. जवळीक राहिली आणि बाळाची जागा वेगळी झाली.

आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला सुपात ठेवायची रीत सर्वांना माहीत आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. टोपली नसली तरी चालेल. जमिनीवर आईच्या गादीला लागून सतरंजीची किंवा गोधडीची घट्ट घडी घाला, वर एक ताणलेली चादर, भोवती बाळाची मच्छरदाणी. खर्च फक्त मच्छरदाणीचा. जमिनीवरून बाळ पडतही नाही. मुंग्या आणि उंदीर यांच्याकडे मात्र लक्ष हवं. बाळाच्या अंगावर घालायचं ते पातळ असावं आणि छातीच्या वर जाऊ नये. पाळणा असेल तर वापरा, पण आतल्या उशा, कडेच्या गाद्या आणि खेळणी काढून टाका. आमच्या पाळण्यातून निघालेलं सामान एक पोतंभर झालं!

साडीच्या झोळीबद्दल विचारतात. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. दिवसा समोर बसून झोका द्यायला ठीक, रात्रीच्या झोपेसाठी नाही. गळ्यात ताविजाचा दोरा नको. श्रद्धा असेल तर भिंतीला अडकवा. बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. लोबानची धुरी, मच्छर अगरबत्ती, विडी यांचा धूरही बाळाच्या खोलीत नको.

आणि पाजता पाजता आईला झोप लागते. ती लागणारच, तिला गुन्हा समजू नका. पण सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ घेऊन झोप लागणं सगळ्यांत धोक्याचं. त्यापेक्षा गादीवर बसून पाजा, आधीच उशा आणि रजई दूर सारा, जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, पांघरुणात दुसरी मुलं असतील, घरात कुणी धूम्रपान करत असेल, आईला गुंगीचं औषध चालू असेल, तर एका अंथरुणात झोपवूच नका. लहान बाळाला ऊब हवी असते, ती आई जागी असताना छातीशी उघड्या अंगानं धरून द्या. वडिलांची छातीही चालते. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात उबेच्या पेट्या कमी पडत होत्या.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे आशाच्या घरभेटी सुरू झाल्या, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरला तुमची खोली दिसत नाही. घरी येणाऱ्या आशाला दिसते. तिला चहा देऊन दारातून परत पाठवू नका. आत न्या, बाळ झोपतं ती जागा दाखवा. आणि माझ्यासारखी कुणी शहाणी मध्ये बोलली, तर तिला गप्प करा.

शेवटचा मुद्दा भावांसाठी. बाळ आईच्या खोलीत म्हणजे बापानं दुसऱ्या खोलीत घोरत पडावं असं नाही. कुराणात, सूरह बकराच्या २३३व्या आयतीत, बाळाचं दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आईवडिलांनी परस्पर संमतीनं आणि विचारविनिमयानं घ्यावा असं म्हटलं आहे. मग झोपायच्या जागेचा निर्णय एकट्या सासूचा किंवा एकट्या नवऱ्याचा कसा? आमच्या घरी सुनेनं खोली ठरवली. ती म्हणाली, बाहेरची. तिथे हवा येते आणि न्हाणीघर जवळ आहे. मग टीव्ही आतल्या खोलीत गेला, माझे पती विडी घेऊन गच्चीवर गेले, आणि मुलगा आता बायकोच्या शेजारी झोपतो. पाजून झालं की ढेकर काढणं आणि बाळाला पाठीवर निजवणं त्याच्याकडे. पहिले चार दिवस कुरकुरला. आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं त्याला.

सगळं नीट करूनही एखाद्या घरात दुःख येतं. तसं झालं, तर अंगणात जमून त्या आईला आरोपी करू नका. एवढं करूनही बाळं जातात, हे डॉक्टरही सांगतात.

त्या जानेवारीतल्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आज मी त्या घरी गेले असते, तर अंगणातल्या लोकांना आधी विचारलं असतं की हिला झोपायला ही जागा कुणी दिली? आणि बाळ व्हायच्या आधी गेले असते, तर हिला विचारलं असतं की तुला कुठे झोपायचंय?

तुमच्या घरात, शेजारात कुणाला दिवस गेले असतील, तर हा प्रश्न तिला आजच विचारा. बाळ यायची वाट पाहू नका.